तापलेली गाडी आणि चुंबळीवरची देवी

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं लागलं होतं आणि माझी पिकअप माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची होती. त्या साली शिमग्याच्या तोंडावर माझा देवीवर इतका राग होता की रोज सकाळी देवळावरून जायचो, पण हात जोडत नव्हतो. मान ताठ ठेवून पुढं निघायचो. बघ म्हटलं, तुलाही कळू दे.

रागाचं कारण गाडी. तिच्यातलं पाणी नाहीसं व्हायचं. गळायचं म्हणत नाही मी, नाहीसं व्हायचं. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, पोलादपूरला भाजी टाकून घाट चढायला लागावं, की अर्ध्या घाटात टेंपरेचरचा काटा लाल रेघेवर. उतरून बघावं तर गाडीखाली टिपूस नाही. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा घालून ठेवला, तो सकाळी कोरडा ठणठणीत. मी चौथी शिकलो, पण इंजिन मला कुणी शिकवायची गरज नाही. पट्टा ताणून बघितला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर साफ करून आणला, नवं झाकण बसवलं. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेटमध्ये नुसतं डोकावून सांगितलं, "आजोबा, हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलायला लागेल." मी ऑइलची पट्टी उपसून त्याच्या नाकापुढं धरली. "हेडमधून पाणी ऑइलात गेलं तर ऑइलचं ताक होतं. हे ताक हाय? सायलेन्सरातनं पांढरा धूर येतोय? डोळं हायत ना तुला?" त्याच्याशी भांडण झालं. दुसऱ्याशी झालं. तिसऱ्याकडे गेलोच नाही.

आता गाडीपायी देवीवर एवढा राग कशाला असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. आमची वाडी कुडपणच्या वाटेवर, डोंगरात. आमच्या देवीची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, शिमग्याच्या आधी महाडला सोनाराकडे उजळायला जातात. ती परत आणायचा मान आमच्या घराचा. आजा डोक्यावर पेटी घेऊन चालत यायचा, बाप बैलगाडीनं पोलादपूरपर्यंत आणि पुढं चालत. मी गाडी घेतली तेव्हापासून गाडीनं. आदल्या साली गाडी घाटात तापली आणि देवी देवळात पोचायला दिवेलागण टळून गेली. पालखी सजवणारी माणसं ताटकळली. तेव्हाच गावकीनं मला ऐकवलं, "पुढल्या साली गाडी थांबली तर मान विठोबाच्या घरी." विठोबा आमच्याच वाडीतला; त्याच्या मुलानं मुंबईहून नवी कोरी पिकअप आणली होती, ती देवळासमोर उभी करून तो रोज पुसायचा. देवळासमोरच. मला दिसावी म्हणून.

रूपं आणायचे नियम कडक आहेत. पायात वहाण नाही. पेटी सोनाराच्या हातातून आपल्या हातात आली की ती देवळात टेकेपर्यंत बोलायचं नाही, गाडी चालवणाऱ्यानंही नाही. पेटी वाटेत कुठं टेकायची नाही, ती माणसाच्या मांडीवर किंवा डोक्यावरच हवी, आणि ते माणूस आमच्या घरचं नाहीतर गुरव. बाईमाणसानं पेटीला हात लावायचा नाही. हे सगळं मी लहानपणापासून पाळत आलो. न बोलायचा नियम मला सगळ्यात जड, कारण माझं तोंड सगळ्या खोऱ्याला माहीत आहे.

तर त्या दिवशी बाळू गुरव मांडीवर लाल फडक्यात बांधलेली पेटी घेऊन माझ्या शेजारी बसला आणि आम्ही महाड सोडलं. हायवेला एक ट्रकवाला अंगावर आला, मी ओठ चावला. पोलादपूरच्या नाक्यावर एक रिक्षा मधेच आडवी घातली, मी पुन्हा ओठ चावला. पोटात शिव्यांचा नुसता डोंगर झाला. घाट चढायला लागलो आणि जिथं काटा दरवेळी उठतो तिथंच उठला. आणखी दोन वळणं ओढली. मग गरम लोखंडाचा वास आला आणि मी गाडी कडेला घेऊन बंद केली.

एरवी गाडी अशी तापली की माझी रीत ठरलेली. दार आपटून उतरायचं, बॉनेट उचलायचं, ओलं पोतं टाकून झाकण फिरवायचं, वाफ फस्सदिशी अंगावर घ्यायची आणि तिला, गॅरेजवाल्याला, कंपनीला शिव्या घालत उभं राहायचं. हातावर भाजल्याचे डाग आहेत अजून. पण त्या दिवशी पाणी आणायला ओढ्यापर्यंत दरीत उतरायचं होतं आणि माझे गुडघे ते मानत नाहीत. बाळूनं खुणेनं कॅन दाखवला, पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, माझे दोन्ही हात तिच्यावर दाबले आणि बोट नाचवून बजावलं, हात सोडू नका. आणि गेला.

मी बसून राहिलो. उतरता येईना, झाकण उघडता येईना, बोलता येईना. मांडीवर देवी आणि मनात तिच्याशीच भांडण. म्हटलं, एवढी वर्षं तुला वाहिली. बायको गेली त्या साली सुतक फिटताच आधी तुझी पेटी पोचवली आणि मग रडलो. आणि तू मला विठोबापुढं मान खाली घालायला लावतेस? बोल की. मी नियमानं गप्प आहे, तू कुठल्या नियमानं गप्प आहेस?

तेव्हा तो आवाज आला. चर्र.

थोडं थांबून पुन्हा, चर्र. भाकरी टाकायच्या आधी बाई तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारते ना, तसा. इंजिनाच्या मागच्या अंगाला, माझ्या पायांच्या पलीकडे. आजवर गाडी थांबली की मी लगेच झाकण उघडायचो. झाकण उघडलं की आतला दाब जायचा आणि जे काही गळत होतं ते गळायचं थांबायचं. वर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. हा आवाज मला ऐकू यायला कधी जागाच नव्हती.

पण मी जागेवर बांधलेला. इंजिन निवलं की दाब उतरणार, आवाज थांबणार आणि पुन्हा काही दिसायचं नाही. बघायचं ते आत्ता. बाळूचा पत्ता नाही.

वळणावरून एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, डोक्यावर लाकडाची मोळी, पाय धुळीनं भरलेले. थांबली.

"काय रं बाबा, गाडी तापली वाटतं?"

मी मान हलवली.

"मग आत बसून काय करतोस? अंडी उबवतोस?"

मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मुका हायस काय गो माय. आनि गाडी चालवतोस! हारन तरी वाजतो ना तुझ्या गाडीचा?"

सबंध पोलादपूर तालुक्यात मला मुका म्हणणारी ती पहिली आणि शेवटची. दुसरी वेळ असती तर मी तिला घाटाखाली पोचेपर्यंत ऐकवलं असतं. चर्र, आवाज आला. तिनंही कान दिला. "तव्यावर पानी पडतंय बघ तुझ्या," म्हणाली.

मी मांडीवरच्या पेटीकडे बघितलं. आजाच्या डोक्यावरची, बापाच्या डोक्यावरची पेटी. आमचा सगळा मान त्या लाल फडक्यात बांधलेला. दुसरा एखादा उपाय सुचतोय का म्हणून मी खरंच बघितलं. नाही सुचला. मग दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि खिडकीतून तिच्यापुढं धरली.

तिला हळदकुंकवाचा वास आला असावा. तोंडावरचं हसू गेलं. मोळी उतरवली, हात पदराला पुसले, दगडावर बसली, डोक्यावरची फडक्याची चुंबळ मांडीवर ठेवली आणि पेटी चुंबळीवर अलगद घेतली, माहेरी आलेल्या लेकीचं पोर घ्यावं तशी. म्हणाली, "जा तू. देवाला भुईवर टेकू नये येवढं मला पन कळतं."

मी उतरून बॉनेट उचललं आणि वाफेत तोंड घातलं. इंजिनाच्या मागं, पत्र्याच्या आड, पाणी फिरवणारा वीतभर रबरी पाइप आहे. त्याच्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर. तिच्यातून थेंब फुगायचा, सुटायचा आणि खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडून तिथंच नाहीसा व्हायचा. भुईवर यायला उरायचाच नाही. नुसत्या थेंबाथेंबानं त्या चिरेनं मला सबंध वर्ष नाचवलं होतं.

बाळू कॅन घेऊन वर आला आणि बाईच्या मांडीवर पेटी बघून त्याचे डोळे पांढरे व्हायचे राहिले. त्यालाही बोलायची बंदी, मलाही. आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते हातवारे करतोय आणि ती बाई म्हणते, "अगो बाय, हा पन मुका!" बाळूनं पेटीला हात घातला तर तिनं त्याचा चिखलाचा हात झटकला. "आधी हात धू रं." त्यानं गुपचूप धुतले. पेटी देऊन तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे वळून बघितलंही नाही.

गाडी निवू दिली. माल बांधायला ट्यूबच्या पट्ट्या गाडीत असतातच, त्यातली एक पाइपावर आवळून गुंडाळली, वर तार पिळली, पाणी भरलं आणि दाब चढू नये म्हणून झाकण जरा सैल ठेवलं. काटा मधे राहिला. उन्हं होती तेवढ्यात देवी देवळात टेकली.

टेकताक्षणी बाळूचं तोंड सुटलं. "वाटंत आईला एका बाईनं मांडीवर घेतलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. विठोबा म्हणाला, "नियम मोडला. मान गेला." मी म्हटलं, "गेला तर जाऊ दे. मी दिली पेटी. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन." हे शब्द माझ्याच तोंडून आले, मलाही खरं वाटेना. तेव्हा गावकीतली सगळ्यात म्हातारी काकी भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "मेल्यांनो, देवी बाईच हाय ना? बाईच्या मांडीवर बसली तर इटाळली काय?" मान आमच्याकडे राहिला तो राहिलाच.

ती बाई कोण, मला माहीत नाही. लाकडं नेणाऱ्या बायका त्या घाटात रोज असतात, त्यातलीच असेल. मी खोदून विचारलं नाही. राग गेला असंही मी लिहिणार नाही, विठोबाची गाडी पुसायची फडकी बघितली की अजून डोकं फिरतं. पण एक कळलं. हात मोकळे होते, तोंड मोकळं होतं, तोवर मी देवीला काही बोलूच दिलं नव्हतं. तिनं माझे दोन्ही हात आपल्यावर बांधून घेतले, तोंड बंद केलं, आणि मग सांगितलं. आणि चीर दाखवली तीही, पेटी सोडायला तयार झालो तेव्हाच. आई, तुझे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपावरची पट्टी पुन्हा आवळली, पाणी भरून झाकण घट्ट बसवलं, नारळ आणि खण घेऊन गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत खाली नेली आणि घाट पुन्हा चढवून त्या वळणावर आणून बंद केली. उतरलो नाही. मांडीवर नारळ धरून गप्प बसलो. पक्षी ओरडत होते, खाली ओढा वाजत होता, इंजिनाच्या मागून काही आवाज नव्हता. गाडी पुरती निवल्यावर झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. मग खण-नारळ ती बसली होती त्या दगडावर ठेवला आणि दोन्ही हात जोडले.