एकदा जिंकून उठायचं होतं

ती घटना आठवली की आजही आधी माझाच चढलेला आवाज कानात येतो. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने आठवणी सांगताना आपला पराक्रम सांगावा असा रिवाज आहे. या प्रकरणात पराक्रम कमी आणि शोभा जास्त झाली.

पुण्याच्या पश्चिमेकडील एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. कोथरूड, कर्वेनगर बघता बघता वाढत होते. नव्या सोसायट्यांत चौघा-पाचजणांनी मिळून फ्लॅट भाड्याने घ्यायचा आणि सकाळी कंपनीच्या बसने संगणकासमोर जाऊन बसायचे, अशी बाहेरगावची शेकडो मुले आमच्या हद्दीत राहायला आली होती. मोबाईल नवे होते. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, म्हणून बरेच जण ते बंदच ठेवत.

त्या काळात आमच्याकडे मंगळसूत्र चोरांनी उच्छाद मांडला होता. महिना झाला तरी एकही आरोपी हाती लागला नव्हता. दर सोमवारच्या बैठकीत वरिष्ठ मला सर्वांसमोर उभे करत आणि तो राग मी ठाण्यावर काढत असे. माझ्या केबिनमध्ये कोणी जायचे यासाठी हवालदार चिठ्ठ्या टाकतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

अशातच एका गुरुवारी यवतमाळकडचे एक गृहस्थ ठाण्यात आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांचा मुलगा इथे संगणक अभियंता होता. दर रविवारी संध्याकाळी तो घरी फोन करी. या रविवारी फोन आला नाही. दोन दिवस वाट पाहून वडील थेट बसमध्ये बसले. खोलीवरची मुले म्हणाली, रविवारी दुपारी स्कूटर घेऊन गेला तो परत आलाच नाही. कंपनीतही गेलेला नव्हता.

"कुणाशी भांडण? एखाद्या मुलीचं प्रकरण?" मी विचारले.

"नाही जी. माहा पोरगा तसा नाही."

"प्रत्येक बाप हेच सांगतो," मी फटकन म्हणालो. ते वाक्य आठवले की आजही लाज वाटते.

बेपत्ता झाल्याची तक्रार, आमच्या भाषेत मिसिंग, दाखल केली. बिनतारी संदेश गेले. रुग्णालये, लॉज, रेल्वे स्टेशन, एसटी स्टँडचे वाहनतळ, सगळीकडे माणसे पाठवली. खडकवासल्याच्या काठावरही एक जण पाठवला आणि ही गोष्ट वडिलांना कळू देऊ नका असे बजावले. त्यांना ती कळलीच. ते ठाण्यातल्या बाकावर रोज सकाळी येऊन बसत. मुलगा बेपत्ता झाला की तो एकतर पळाला किंवा त्याने जिवाचे काही बरेवाईट केले, असा आमचा ठरलेला हिशेब असतो. त्याच रस्त्याने आम्ही धावत होतो.

शनिवारी कर्वेनगरच्या एका सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. "पोलीस ठाणे ना? कामात नसाल अशी खात्री आहे, कारण आमच्या शेजारणीचं मंगळसूत्र अजून मिळालेलं नाही." मी दात-ओठ खाल्ले. पुढे ते म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी जेवणानंतर पत्त्यांचा जुगार चालतो. आमच्या नियमावलीत त्याला जागा दिलेली नाही. बाहेरच्या गाड्यांची नोंद मी ठेवतो, हवी तर वाचून दाखवतो."

मी फोन ठेवणारच होतो, इतक्यात त्यांनी वाचायला सुरुवात केली. तिसरी नोंद यवतमाळ पासिंगच्या स्कूटरची होती. गेल्या रविवारच्या नोंदीपुढे अध्यक्षांनी लिहिले होते, 'पाच वाजता भरधाव बाहेर. गेट घासले. रंग कोण देणार?'

नंबर जुळला. ती त्याच मुलाची स्कूटर होती.

दुसऱ्या दिवशी वॉरंट आणि दोन पंच घेऊन आम्ही छापा घातला. दारात बुटांची रांग. आत गोल करून मांडी घालून सहा जण बसलेले, सगळे संगणकवाले. मध्ये पत्ते, रोकड आणि पैशांऐवजी लावायच्या रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या, म्हणजे चिप्स. तीन पत्तीचा हा साहेबी भाऊ, पोकर, मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. पंचनामा करताना हवालदाराला एक वही सापडली. तारखांसमोर एकेक शब्द लिहिलेला. 'घाई.' 'राग.' 'झोप कमी.' 'ठीक.' पुन्हा 'राग.'

"साहेब, सांकेतिक भाषा," हवालदार हळूच म्हणाला. "ही टोळी मोठी दिसते."

वही त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्याची होती. पस्तिशीचा, चष्मा लावणारा, हळू बोलणारा माणूस. मी त्याला केबिनमध्ये घेतले आणि दार लावले. मुलाला कुठे लपवलेस, धमकी दिलीस का, हे शब्द कशाचे आहेत, असा भडिमार सुरू केला. तो एकेक उत्तर देत होता आणि मला एकही ऐकू येत नव्हते. मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप खाली पडून फुटला.

त्याने तुकडे उचलून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले. मग म्हणाला, "सर, एक विचारू? आपले सध्या वाईट दिवस चाललेत का?"

दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराने डोळे मिटले. पुढे काय होणार, याचा त्याला अंदाज होता.

"माफ करा," तो माणूस म्हणाला, "पण लूझिंग स्ट्रीक, म्हणजे सलग हार, चालू असली की मीही असाच वागतो. म्हणून तर ती वही. सलग तीन डाव गेले की मी उठतो. गॅलरीत जातो, पाणी पितो. स्वतःला एकच विचारतो, पत्ते वाईट आले की मी वाईट खेळलो? पत्ते वाईट आले असतील तर काही करायचं नाही, थांबायचं. मी वाईट खेळलो असेन तर का, ते लिहायचं. राग, घाई, झोप."

मी बाहेर गेलो. माठातले दोन ग्लास पाणी प्यालो. खरे सांगायचे तर त्याच्या दोन मुस्कटात ठेवून द्याव्यात असेच मनात होते. पण माठाजवळच्या बाकावर तो बाप बसला होता. त्याच्याकडे पाहून प्रश्न आपोआप डोक्यात आला. चोर सापडत नव्हते, त्यात आमच्या मेहनतीत कसूर नव्हती. ते वाईट पत्ते. पण या मुलाच्या बाबतीत मी वाईट खेळत होतो. चार दिवस गावभर गाड्या पळवल्या, आणि आता त्याच्यासोबत खेळणारा माणूस समोर आला तर त्याला बोलू न देता दरडावत होतो.

आत येऊन मी दुसरा चहा मागवला. दोन कप.

"आता नीट सांग. त्या रविवारी काय झालं?"

"तो चांगला खेळतो, सर. पण तीन डाव हरला आणि मग प्रत्येक डावात उतरायला लागला. पत्ते बघतच नव्हता. मी म्हटलं, ऊठ, पाणी पी. तर म्हणाला, सगळे माझ्याकडे बघतायत. आणि निघून गेला."

"पळून कुठं जाईल?"

"पळणार नाही, सर. हरणारा माणूस पळत नाही. तो गेलेलं परत मिळवायला बसतो. फक्त त्याला हरताना पाहिलेली माणसं समोर नको असतात. नेटवर खेळता येतं. कॉम्प्युटरवर. तिथं कोणी तोंड बघत नाही."

आमचा सगळा तपास एका वाक्यात उलटा झाला. मी लगेच डीबी, म्हणजे गुन्हे शोध पथकाला आणि शेजारच्या ठाण्यांना कळवले, स्टँड आणि वाहनतळ सोडा, सायबर कॅफेंच्या दारातल्या स्कूटर बघा. चार तासांत कात्रजहून फोन आला. डेअरीच्या अलीकडे एका कॅफेसमोर यवतमाळ पासिंगची स्कूटर उभी होती, पुढच्या मडगार्डला गेटचा रंग लागलेला.

वडिलांना जीपमध्ये घेऊन मी स्वतः गेलो. कॅफेतल्या कोपऱ्याच्या खुराड्यात तो बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. एका मित्राच्या रिकाम्या खोलीवर तो झोपत होता आणि दिवसभर इथे बसत होता. कॅफेवाल्याला वाटले, परीक्षेचा अभ्यास करतोय.

"किती हरलास?" मी विचारले. आवाज मुद्दाम खाली ठेवला होता.

"इथं पैसे नसतात, सर. फुकटच्या चिप्स आहेत. खोट्या."

"मग सात दिवस काय करतोयस?"

त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "एकदा जिंकून उठायचं होतं. मग घरी फोन करणार होतो. पण जमतच नाहीये."

माझ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण खोट्या चकत्यांसाठी आठवडाभर झुंजणारा मुलगा पहिल्यांदाच पाहत होतो. वडील माझ्या मागेच उभे होते. त्यांनी पुढे होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हारला तं हारला, बाप्पा," ते म्हणाले. "घरी फोन कराले जिकाच लागते काय रे?"

तेव्हा तो रडला. आधी आवाज न करता, मग लहान मुलासारखा. कॅफेतली बाकीची पोरे आपापल्या खुराड्यांतून डोकावू लागली. हवालदाराने त्यांना डोळ्यांनीच बसवले.

जुगाराचा खटला रीतसर झाला आणि त्या सहाही जणांनी कोर्टात दंड भरला. कायदा तो कायदा. मुलाच्या कंपनीने ताकीद देऊन त्याला ठेवून घेतले. वडील आठवडाभर त्याच्या खोलीवर राहिले आणि सगळ्या पोरांना रोज भाकरी-झुणका करून घातला. जाताना ते मला भेटायला आले. "प्रत्येक बाप हेच सांगतो" हे माझे वाक्य मी त्यांच्यासमोर परत घेतले, माफी मागितली. ते हसून म्हणाले, "जाऊ द्या जी. तुम्हीबी माणूसच हाय."

पत्ते खेळायला मी कधी शिकलो नाही. पण अपयशाची रांग लागली की माणूस हरल्यामुळे बुडत नाही, तोंड लपवायला लागतो तेव्हा बुडतो, एवढे त्या प्रकरणाने मला शिकवले. पुढे माझ्या हाताखालच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याचे तपास लागोपाठ फसू लागले, तो उगाच शिपायांवर ओरडू लागला, की मी त्याला बोलावून समोर बसवायचो. केस डायरी मागायचो नाही. विचारायचो, "काय रे, घरी सांगितलंस का?"

बहुतेक जण आधी खाली बघत. मग बोलायला लागत.