न ऐकलेला आवाज

विमान उतरताना कधी कधी वारा एकाएकी दिशा आणि वेग बदलतो आणि पंखांखालचा आधारच जातो. याला विंडशिअर म्हणतात. नव्वदच्या दशकात, त्याचा इशारा देणारं यंत्र जुन्या विमानांत बसवायचं काम आमच्या विमानदुरुस्तीच्या हँगरला मिळालं. कॉकपिटमध्ये लाल दिवा लागायचा आणि स्पीकर 'विंडशिअर, विंडशिअर' असं ओरडायचा. चाचण्या दिवसभर चालत. त्या ओरडण्यानं डोकं उठायचं, म्हणून आम्ही स्पीकरचा ब्रेकर, म्हणजे त्याची वीज तोडणारं बटण, बाहेर ओढून ठेवत असू आणि शेवटच्या चाचणीपुरता आत दाबत असू. वरिष्ठ कानाडोळा करत.

एका शनिवारी काम उरकून कागदावर सही ठोकली आणि एसटीनं पेण, नागोठणे करत वरसे या आमच्या गावी घरी आलो. शेजारच्या भाभींचा नवरा आखातात नोकरीला. सुट्टी संपवून तो रविवारी दुपारी निघणार होता, आणि तेही मी सही केलेल्या विमानानंच. रविवारी सकाळपासून वारा सुटला होता. नवरा पहाटेच विमानतळाकडे गेला होता. दुपारी भाभी कुंपणाशी आल्या. आळीत विमानातलं कळणारा मी एकटा, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

"भाऊ, वारा लय हाय. यांच्या विमानाला काय व्हणार नाय ना?"

"नाय हो भाभी. वाऱ्याचं यंत्र मीच बसवलंय."

बोलता बोलताच कालची शेवटची चाचणी डोळ्यांसमोर आली. दिवा लागलेला आठवत होता, आवाज काही आठवेना. घरी जायच्या घाईत मी ब्रेकर दाबलाच नव्हता.

एसटीडी बूथवर धावलो. ड्युटीवरच्या इंजिनिअरनं एवढंच विचारलं, आवाज ऐकलास का? नाही म्हणालो. त्यानं लगेच फोन ठेवला. प्रवासी बसत असतानाच विमान थांबवलं गेलं. ब्रेकर बाहेरच होता. तो दाबून, आवाज ऐकून, विमान दीड तास उशिरा सुटलं. माझा सहीचा अधिकार सहा महिने गेला. ते रास्तच होतं, त्याबद्दल माझी कुरकुर नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा पोचल्याचा फोन आला आणि भाभी ताटलीभर सांदणं, फणसाच्या रसातली वाफवलेली, घेऊन आल्या. कंपनीवाल्यांनी काहीतरी घोळ घातला म्हणून विमान लेट झालं, असं त्यांनी सांगितलं.

"पण तुम्ही बोललात ना, मंग मला कसली काळजी."

घोळ माझाच होता, एवढंच सांगायचं होतं. भाभी समोर उभ्या होत्या. मी सांदणाचा तुकडा तोंडात टाकला आणि छान झालंय म्हणालो.