दादाने निवडलेली सायकल

भावंडांत शेंडेफळ, म्हणून घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली तरी नाव तेच राहिलं. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावायच्या कामाला होती. दाढेच्या ठणक्याने वैतागलेले लोक तिच्यावरच तोंडसुख घेत आणि ती सगळं मुकाट गिळायची. घरीही वेगळं काही नव्हतं. बहिणींचे फ्रॉक, भावाची पुस्तकं, जे येईल ते तिने वापरलं. त्या घरात खरेदी म्हणजे दादा. कुकर असो की चष्म्याची फ्रेम, दादा सोबत असल्याशिवाय कोणी दुकानाची पायरी चढत नसे.

दवाखान्यातली नर्स सुट्टीच्या दिवशी दगडखाणीमागच्या टेकडीवर सायकल चालवायला जायची. एकदा तिने आपली सायकल धाकटीला दिली. दगडगोट्यांतून, झाडांच्या मुळांवरून धाकटी धापा टाकत वर गेली आणि उतरताना आनंदाने ओरडली. असं ओरडून तिला कैक वर्षं झाली होती. आता तिला तशी सायकल हवी होती, खिशाला परवडेल अशी.

चूक एवढीच झाली, की ती दादाला बोलली.

दुकानात दादा सोबत होता, त्यामुळे दुकानदाराने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, ही घ्या. धक्के झेलायला पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग, आणि बजेटात!"

"मला पुढची एक पुरे," धाकटी म्हणाली. "इतक्या स्वस्तात दोन स्प्रिंगा म्हणजे सायकल नुसती जड. नर्स म्हणते, ब्रेक आणि टायर बघायचे."

"नर्सने इंजेक्शनं द्यावीत," दादा म्हणाला. दुकानदार खो खो हसला.

"अरे, पण ही मला उंच पडते."

"सीट खाली करू की! मोठीच बरी. उद्या माझी मुलं चालवतील, मी चालवीन."

पैसे तिचे, पण पावती फाडून घेऊन दादा मोकळा झाला. धाकटीने सायकल ढकलत घरी नेली.

टेकडीच्या पहिल्याच उतारावर सायकल उधळली. ब्रेक दाबले तर ते नुसते किंचाळले. पाय टेकवायला गेली तर पाय जमिनीला पोचेना. गुडघा सोलवटला, हनुवटी फुटली. तिला उठवताना नर्सला सायकलच्या दांडीवरचा बारीक अक्षरांचा स्टिकर दिसला. ही सायकल फक्त सपाट रस्त्यासाठी आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

तशीच रक्ताळलेल्या तोंडाने धाकटी दादाच्या दारात उभी राहिली. वहिनी कापूस घेऊन धावली. दादाने पेपरातून मान वर केली. "तोल गेला असेल. सवय नाही तुला."

"स्टिकर वाचला होतास?"

"इतकं बारीक कोण वाचत बसतं?"

"मग निवडायला कशाला येतोस?"

"आवाज खाली. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! तू म्हणालास तो कोर्स केला. तुला पटला नाही, म्हणून मला आवडलेल्या माणसाला नाही म्हणाले. आज मी बिनलग्नाची आहे, ती कोणाच्या पसंतीने?"

दादाने पेपर खाली टाकला. "म्हणजे आम्ही तुझं वाईटच केलं का गं?" दादाचा आवाज चिरकला.

"हो," धाकटी म्हणाली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली.

"साहेब नाही आले?"

"गिऱ्हाईक मी आहे. ही परत घ्या."

"वापरलेला माल परत होत नाही, ताई."

"ठीक. मग मी इथे दारातच उभी राहते. येईल त्याला ही हनुवटी दाखवते आणि तुमचा स्टिकर वाचून दाखवते."

दोन गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली, तेव्हा दुकानदाराने थोडी रक्कम कापून सायकल बदलून द्यायचं कबूल केलं. धाकटी एकेका सायकलवर बसली. दोन्ही तळवे टेकतात का पाहिलं, ब्रेक आवळून सायकल ढकलून पाहिली. शेवटी तिने एक मातकट रंगाची, एका स्प्रिंगची, लहान मापाची सायकल घेतली.

दादाने बोलणं टाकलं. सुट्टीच्या सकाळी वहिनी तिच्याकडे आली. "एकदा सॉरी म्हणून टाक गं. मोठा आहे तो."

"त्याने म्हणावं," असं म्हणत धाकटीने हेल्मेटचा पट्टा आवळला. जखमेला तो झोंबला, तशी तिने एक सणसणीत शिवी हासडली आणि सायकल दाराबाहेर काढली.