मागचा टायर

धामणकर नाक्यावरचा माझा मेकॅनिक बोलताना माणसाकडे बघायचा नाही. यंत्रमागाच्या टाकाऊ सुताला हात पुसत गाडीशीच बोलल्यासारखं बोलायचा.

वडप्याच्या एका जमीनवाल्याची हजार सीसीची परदेशी टूरिंग मोटरसायकल मला स्वस्तात मिळत होती. लडाखचं वेड जुनंच. माझी शंभर सीसीची गाडी विकायला मी मेकॅनिककडे सोडली, 'विकणे आहे' अशी पत्र्याची पाटीही रंगवून दिली.

"ती मोठी मंग घ्या, मास्तर," तो म्हणाला. "आधी तिचा मागचा टायर आनून दाखवा."

मोठी गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला तो हेच सांगायचा. दोन रविवार मी मुंबईतली दुकानं पालथी घातली. टायर परदेशातून मागवावा लागणार होता आणि त्या एकट्या टायरलाच माझा महिन्याचा पगार जाणार होता.

तिसऱ्या रविवारी रिकाम्या हाताने गेलो. त्याने टायरचं विचारलंच नाही.

"माझ्या गाडीला गिऱ्हाईक आलं का?" मी भीतभीत विचारलं.

"न्हाय," तो चेन ताणत म्हणाला.

चेन माझ्याच गाडीची होती. गाडी धुऊन पुसून तयार होती. मला एकदम हायसं वाटलं. पाटी तेवढी कुठे दिसेना. तो उठला तेव्हा दिसली. तेलाच्या डब्यावर ती ठेवून तो तिच्यावरच बसला होता.