मामांचा मिस्ड कॉल

आमच्या सायकलमामांनी परदेशातून मामीला कधी फोन केला नाही, ते फक्त वाजवायचे. वेल्ह्याच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर हा माणूस सायकल खोक्यात बांधून विमानानं बँकॉकला उतरला. तिथून लाओसमार्गे व्हिएतनामचा समुद्र गाठायचा, एवढं एकच वेड. हात मात्र कारकुनाचाच, आखडता. सिमकार्ड इथलंच, त्यात जेमतेम बॅलन्स. चहाच्या दुकानात फुकट वायफाय मिळालं की मला फोटो यायचे, बहुतेक भातखाचरांचे. खाली लिहिलेलं असायचं, "पासलीच आहे ही."

गावी, पासलीत, मामीकडे बटणांचा साधा फोन. तिच्यासाठी रोज मुक्कामाला पोचल्यावर एक मिस्ड कॉल. निघताना मामांनी बजावलं होतं, "उचलायचा न्हाई. वाजला म्हंजी मी हाय, येवढं समजायचं."

रेंज यायची ती फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात. धार काढून झाली की मामी तिथंच फोन धरून बसायची. तो वाजायचा, ती बघत राहायची आणि थांबला की पदरानं पुसून उठायची. वाजण्यावरून तिला म्हणे सगळं कळायचं. बराच वेळ वाजला तर मामा पोटभर जेवलेत, लगेच तुटला तर पाय दुखताहेत. मी भातझोडणीला मदत म्हणून नसरापूरहून गेले होते. मला याचं हसू यायचं.

एका संध्याकाळी तिनं फोन उचलला. पलीकडून मामा घाबऱ्या आवाजात काय झालं, कोण आजारी आहे, विचारत होते. मामी म्हणाली, "कायबी न्हाई. आवाज ऐकावा वाटला." एवढ्यात बॅलन्स संपला आणि फोन तुटला.

त्यानंतर फोन वाजेचना. मलाही मामांचा काही निरोप नाही. मामी कोपरा सोडेना, धड जेवेना. आपल्या हातानंच घात केला, एवढंच म्हणत राहिली. मी समजूत घालत होते, पण मनातून मीही हादरले होते.

आणि एका दुपारी मामा खोक्यासकट एसटीतून उतरले.

"तू कधी उचलत न्हाईस," ते मामीला म्हणाले, "म्हटलं कायतरी लपवतीयास."

कळवलं का नाही, असं मी चिडून विचारलं. कळवलं असतं तर तुम्ही येऊ नका म्हणाला असता, हे त्यांचं उत्तर. समुद्र थोडक्यात राहिला होता. मामीला ते फार लागलं, पण मामा म्हणाले, फोटोत बघू. मला दोघांचाही राग आला आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

पुन्हा ते परदेशी गेले नाहीत. सायकलवरून वेल्ह्याच्या बाजारापर्यंत जायचे आणि तिथूनही मिस्ड कॉल द्यायचे. मामी तो उचलत नसे. आता का नाही उचलत, असं विचारलं तर म्हणायची, येणारच आहेत की घरी.

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. तेव्हा दिवसकार्य उरकून मी नसरापूरला परतले आणि आमच्या घरच्या सवयीनं, पोचले हे कळावं म्हणून, मामीला मिस्ड कॉल दिला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"नुसतं वाजवू नगंस आता," ती म्हणाली. "बोल."