जर्मन हेडफोनचा डावा कान

आता तुम्हीच सांगा, थोरल्या जावयाला काही मान असतो की नाही? असतो ना? मग तो मान मी पोलादपुरात, भर साखरपुड्यात, स्वतःच्या हाताने कसा मातीत घातला ते ऐका. आठवलं की अजून डोकं फिरतं!

माझा मेव्हणा सुरेश स्वतःच्या साखरपुड्यासाठी मस्कतहून आला होता. येताना दोन भारी हेडफोन आणले, एक जपानी आणि एक जर्मन. दोन जावयांना दोन. निवड आधी माझी, कारण मी थोरला. धाकटा जावई, म्हणजे माझा साडू विलास, मुंबईचा. अगदी गरीब गाय. आणि मला महाडात लोक रेडिओ घ्यायचा असला तरी आवाज पारखायला नेतात, बरं का!

सुरेशने टेपवर भजनाची कॅसेट लावली. आधी जपानी घातला. हलका, झांजा खणखणीत, शब्द न् शब्द स्पष्ट. पण पखवाज? पखवाज कुठाय? मला बुवा पखवाज पोटात घुमायला लागतो.

विलास म्हणाला, "मला तर गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ आला की बास."

म्हटलं ना, गरीब गाय!

तेवढ्यात नवरीकडची माणसं आली. टिळे झाले, अत्तर झालं, जेवणं झाली. मग मी पान चघळत जर्मन चढवला. जडशीळ, चामड्याच्या गाद्यांचा, कानावर घट्ट दाबून बसणारा.

आणि काय सांगू! उजवीकडे पखवाज नुसता घुमतोय, आणि डावीकडे सगळं कशेडी घाटाच्या पलीकडून आल्यासारखं!

माझं टाळकंच सरकलं. "सुरेश, फसवलं तुला! हा बिघडलेला माल आहे!"

"दाजी, एकदम नया पीस हाय. मी स्वतः ऐकून घेतलाय."

"मग तुझे कान तपासून घे! थोरल्या जावयाला हा धोंडा? दे तो विलासला!"

कानावर हेडफोन असल्यामुळे आपण केवढ्याने ओरडतोय हे मला कुठलं कळायला! नवरीकडची माणसं अंगणातून आत डोकावायला लागली.

मी तणतणत परसात गेलो. तोंड धुतलं, कान पुसला, तर बोटाला काय लागावं? अत्तराचा फाया! सासूबाईंनी कौतुकाने कानाच्या वरच्या घडीत खोचलेला. त्या जर्मनाने दाबून दाबून तो थेट भोकात बसवला होता!

आता सगळ्यांसमोर कबूल करू? मी? छे! घरात आलो, चेहरा साधूसारखा केला आणि म्हणालो, "जाऊ दे. थोरला मी आहे, बिघडलेला मीच ठेवतो. चांगला विलासला द्या."

सगळे गहिवरले. विलासने तर माझा हातच धरला.

"नको भाऊ! मला लहानपणापासून डाव्या कानाने ऐकायलाच येत नाय. मला काय फरक पडतो? तुम्ही कशाला सोसता?"

आणि जर्मन पिशवीत घातलासुद्धा!

मी फाया मुठीत आवळून नुसता धुमसत उभा.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मन तर मोठं हायच गो, पण कान बघ किती तिखट हायत जावईबापूंचे! दुसऱ्या कुणाला कळलं असतं काय?"