केळीचा चीक

परवा केळफूल चिरताना पांढऱ्या कुर्त्यावर चीक उडाला. तीनदा धुतला, तरी तपकिरी डाग तसाच. तो पाहून रावेरकडची सहा वर्षांची सुनंदा आठवली.

विद्यापीठात बालशिक्षण शिकताना मला एका मुलाचं निरीक्षण करून अहवाल लिहायचा होता. सुनंदाच्या फ्रॉकवर असेच डाग होते. मी धुळ्यात वाढलेली, केळीच्या बागांपासून लांब; तक्त्यात 'अस्वच्छ' लिहून मोकळी झाले. मी बोलावल्यावर केळी भरायच्या कामावरून तिची आई धावत आली. म्हणाली, "ताई, कालच धुतेल हाये फराक. केयीचा चीक हाये, निंघत नाही. तुमच्या कालेजात याले काही साबन शिकवता का?" आम्ही दोघी हसलो. "चांगलं लिहजा, ताई." मी मान हलवली.

पण 'पालकांचे दुर्लक्ष' हा निष्कर्ष आधीच झकास जमला होता. तो खोडला असता तर अहवालात काय उरलं असतं? तसाच दिला. पहिला नंबर आला. आता मीच शिकवते, आणि इतकी वर्षं तोच अहवाल नमुना म्हणून दाखवत आले.

आज तो कुर्ता घालूनच वर्गावर गेले.

"मॅडम, डाग पडलाय," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"कालच धुतलाय," मी म्हणाले, आणि अहवालात न लिहिलेलं सुनंदाच्या आईचं बोलणं पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं.